द्वारकीनं अर्ज माघारी घेतला न्हाई

सुनीताचा फोन आला तवा मी सांगलीत विश्रामबागेत आमच्या खोलीच्या दारात मेथी निवडत बसले हुते. सुनीता म्हंजे द्वारकीची सून. एरवी तिचा फोन आला की आधी पाऊसपाणी, मग गुरं, मग पोरं, आन शेवटाला मुद्द्याचं. त्या दिशी तिनं मुद्द्याचंच आधी सांगितलं. "आक्का, आत्या गेल्या. सकाळी च्या पिऊन उनात बसल्या हुत्या, तितंच मान टाकली." मी म्हटलं, लय तरास झाला का गं? "न्हाई वो. हातातली बशी बी सांडली न्हाई." ... मी फोन खाली ठेवला आन राहिलेली मेथी निवडली. अर्धी जुडी तशीच टाकून उठायचं म्हंजे सुनंला दुप्पट काम. जुडी संपल्यावर मग संपतला, माझ्या लेकाला, हाक मारली आन म्हटलं, गाडी काढ, मेढ्याला जायाचंय, द्वारकी गेली. संपत आत जाऊन चावी घिऊन आला.

ह्या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. मी चौथीपातूर शिकलेली, माझ्या अक्षराचं कायबी खरं न्हाई. नात लिवून घेतीया. तिला म्हटलं, जसं बोलती तसंच लिव, वरनं इस्त्री फिरवू नको.

द्वारकी माझी चुलत जाऊ. मेढ्याच्या वर डोंगरात आमची वाडी, चौदा उंबऱ्याची. खाली गाव, तितं शाळा, सोसायटी, दवाखाना, इस्टीचा थांबा. आन गावातनं वाडीवर यायला पायवाट, तीबी पावसाळ्यात वढ्यात जायाची. मी लगीन होऊन आले, माझ्यामागनं दोन वर्सांनी ती आली. कोरेगावाकडची, सपाटीवरची. पयल्या दिशी निम्मी वाट चढून आली आन हिरवा चुडा भरलेले हात कमरंवर ठेवून म्हणाली, "आजून किती हाय?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी तिच्या डोक्यावरचं बोचकं माझ्या डोक्यावर घेतलं. तवापासनं आमचं जमलं.

दुष्काळ पडला त्या वर्सी आमी दोघींनी खडी फोडली. सरकारी काम हुतं, रस्त्याचं, वाडीपासनं तीन कोसावर. डोंगरातनं डबर, म्हंजे मोठाले काळे दगूड, काढायचं, त्ये हातोड्यानं फोडायचं, मुठीएवढं येगळं, सुपारीएवढं येगळं, आन ढीग लावायचा. चिपा उडून डोळ्यात जायाच्या. मुकादम ढिगात हात घालून बघायचा. खाली मोठं आन वर बारीक असं लावलं असंल तर ढीग लाथंनं मोडायचा. एकदा आमचा मोडला, तर द्वारकी पुना सगळा लावत बसली आन मला म्हणाली, "शिव्या दिऊ नको आक्का. रस्ता खालनं पक्का लागतोय, त्यो बरोबर बोलतोय." पयलं डबर बसवायचं, मग मुठीएवढी खडी, मग बारीक, मग मुरूम, मग रोलर. हे आमाला कुणी शाळंत शिकवलं न्हाई. हात सोलपटले तवा कळलं. दुसऱ्याच्या गावाला रस्ता झाला. आमची वाट हुती तशीच हुती.

तिचा मालक मिलटरीत हुता. पेन्शनीत आला आन चौथ्या वर्सी भर पावसात त्याच्या पोटात दुखाय लागलं. चार गड्यांनी घोंगड्याची झोळी केली, बांबूला बांधली, आन निघाले. वढा तुडुंब. पलीकडं जायला दुपार झाली. दवाखान्यात डाक्टर म्हणाला, दोन तास आधी आणला असता तर... म्हंजे तेवढंच बोलला. द्वारकी रडली, दिवस घातलं, नाचणी काढायला आमच्याबरोबर शेतात आली. बोलायची न्हाई त्यावर. पण वाट उतरताना वढ्यापाशी आली की थांबायची, पाणी किती हाय बघायची, मगच पुढं.

मग ग्रामपंचायतीची विलेक्शन लागली. आमच्या वॉर्डात बाईची जागा आली. गावात आण्णांचं चालायचं. आण्णा म्हंजे दूध संकलनाचे मालक, पंचवीस वर्सं पंचायत त्यांच्याच घरात. त्यांनी धाकट्या सुनंचा अर्ज भरला. ती बिचारी माहेराला गेलती, तिला आल्यावर कळलं. गाव बिनविरोध करायचं त्यांच्या मनात हुतं. बिनविरोध झालं की गावाला वरनं निधी मिळतोय, पेपरात फोटू येतोय. सगळ्या वॉर्डात एकेकच अर्ज. आन आमच्या वॉर्डात दोन. दुसरा द्वारकीचा. कुणाला न सांगता सुनीताला घिऊन मेढ्याला तालुक्याच्या कचेरीत गेली आन भरून आली. सूचक म्हणून सही शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याची. मी सख्खी जाऊ असल्यागत, पण माझी सही घेतली न्हाई. का, त्ये मला तवाच कळलं हुतं. माझा संपत आण्णांचा दुधाचा टेम्पो चालवायचा.

तिसऱ्या दिशी आण्णा पाच माणसं घिऊन वाडीवर आले. चालतच यायला लागलं. द्वारकीच्या वसरीवर बसले, घाम पुसला, दोन तांबे पाणी प्यालं. मी च्या टाकायला आत.

"वयनी," आण्णा म्हणाले, "वाडीची मतं किती? तेवीस. खालची तीनशे. हिशेब तुमालाबी येतोय."

"येतोय की. म्हणूनच तुमाला वर चढाय लागलंय."

माणसं हसली. आण्णाबी हसले. माणूस वाईट न्हवता, हे सांगितलं पायजे. नुसती सवय झाली हुती त्यांला, त्यांनी हू म्हटलं की गोष्ट व्हायची. म्हणाले, "रस्त्यासाठीच उभ्या ऱ्हायलाय न्हवं? मग माघारी घ्या. रस्ता मी करून देतो. हा घ्या शबूद."

द्वारकी च्याची कपं त्यांच्या म्होरं ठेवत म्हणाली, "शबूद लय हायती माझ्याकडं आण्णा. सासऱ्याला दिल्याला हाय, मालकाला दिल्याला हाय. आता खडी पाडा. माघारीच्या दिशी तीन वाजंपातूर येळ असती. तीनच्या आत वढ्याच्या अलीकडं वाटंच्या तोंडाला पयला ट्रॅक्टर पडला, की मी सही केलेला कागद सायबाच्या हातात देती."

"एवढंच? उद्या पाडतो."

"उद्या नगं. त्याच दिशी. मी मेढ्यात असंन."

जाताना आण्णा दाराशी मला बोलले. "आक्का, समजवा जावंला. संपत तर आपलाच हाय." एवढंच. आवाज चढवून न्हाई, धमकी न्हाई. पण मी काय दुधखुळी न्हवते. संपतच्या टेम्पोवर आमची पाच तोंडं हुती. माझा मालक जाऊन आठ वर्सं झालती, शेत दगडाचं.

त्या संध्याकाळी आमी दोघी वरी पाखडत बसलो आन मी तिला साफ सांगितलं. "द्वारके, अर्ज काढ. तेवीस मतात कोण निवडून आलंय का कवा? पडायचंच हाय, तर नुसतं पडण्यापरीस रस्ता तरी पदरात घी. खडी पडली काय आन न पडली काय, तू काढूनच टाक. माणसाला उपकार केल्यागत वाटंल, त्यो करंल."

ती सूप हालवत हुती. "आक्का, मी उभी हाय तवरच त्यो वर येतोय. मी बसली की त्यो कशाला दम लावून चढंल?"

"आन पडल्यावर? मग तर कायमचाच फिरकायचा न्हाई. वर राग धरंल."

"त्येबी खरं हाय," म्हणाली. तिचं असंच हुतं. दुसऱ्याचं खरं असलं की खरं म्हणायची, आन आपलं सोडायची न्हाई. मग म्हणाली, "संपतचं काय म्हणतोय त्यो?"

मी म्हटलं, काय न्हाई.

तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आन पुना उचललं.

माघारीच्या दिशी द्वारकी आन सुनीता सकाळच्या इस्टीनं मेढ्याला गेल्या. मला टेपावर बसवलं हुतं. टेप म्हंजे वाडीच्या कडंचा उंचवटा. मोबाईलला रेंज तितंच, एका खडकापाशी, दुसरीकडं कुठं न्हाई. तितनं वढाबी दिसतोय आन वाटंचं तोंडबी. संपतचा जुना बटणाचा मोबाईल माझ्याजवळ. हिरवं बटण तेवढं मला माहीत.

एक वाजला, काय न्हाई. दोन वाजले, काय न्हाई. सुनीताचा फोन आला, "आलं का वो आक्का?" न्हाई म्हटलं. खरं सांगायचं तर मी मनातनं देवाला म्हणत हुते, ट्रॅक्टर धाड बाबा. ती माघारी घील, रस्ता व्हईल, माझ्या लेकाचा टेम्पो ऱ्हाईल. सगळ्यांचंच भलं. सव्वादोनला गावाकडनं धुरळा उठला. ट्रॅक्टर आला, वढा वलांडला, ट्रॉली उचलली आन ढीग पाडला. माझ्या जिवात जीव आला. बटण दाबायला मोबाईल वर धरला... आन धरूनच बसले.

ढीग चमकत हुता. डबर चमकत न्हाई. डबर उनात काळं दिसतंय.

म्हटलं, लांबनं काय कळतंय, जाऊन बघावं. उतरले. ट्रॅक्टरवाला खाली बसून तंबाखू मळत हुता, म्हणाला, "आक्का, फोन लावा की, आण्णा वाट बघत्यात." मी ढिगात हात घातला. सुपारीपरीस बारीक. वरबी बारीक, खालीबी बारीक. मूठ उघडली तर निम्म्या खड्यास्नी सिमिट लागलेलं. कुणाच्या तरी स्लॅबची उरलेली. असल्या खडीवर बैल उभा ऱ्हात न्हाई, रस्ता कुठला व्हतोय. ही पयल्या पावसात वढ्यात जाणार, आन आण्णा म्हणणार, टाकली हुती की.

पुना टेप चढले. साठी उलटलेली, गुडघं तवाच कुरकुरत हुते. चढताना डोक्यात एकच. मला तिनं एवढंच सांगितलंय, खडी पडली का न पडली त्ये कळव. पडली हाय. ह्यात खोटं काय न्हाई. तिनं कसली पडली इचारलं तर बघू. न्हाई इचारलं तर आपण आपलं गप. खडकापाशी आले तवा तीनला दहा मिंटं कमी असतील. हिरवं बटण दाबलं. फोन द्वारकीनंच उचलला.

"पडली का आक्का?"

"पडली."

तिच्या मागं कचेरीतली माणसं बोललेली आयकू येत हुती. "बरं," म्हणाली. "मग देती कागद."

तिनं इचारलं न्हाई. झालं हुतं की सगळं. फोन कानावरनं खाली घ्यायचा, तेवढंच ऱ्हायलं हुतं... मला आजबी सांगता येत न्हाई नक्की काय झालं. माझा हात हुता ना त्या ढिगात, सिमिटाची पूड बोटाला लागल्याली. म्हटलं, "द्वारके, थांब. बारीक हाय."

"सिमिट लागलंय?"

"लागलंय."

"बरं," म्हणाली. "हळू उतर. ऊन लय हाय." आन फोन ठेवला.

तिनं अर्ज ठेवला. चिन्ह मिळालं कपाट. वाडीत एका घरात कपाट न्हवतं, सगळ्यांच्या लोखंडी ट्रंका. त्यावर आमी बाया इतक्या हसलो की बास. प्रचार म्हंजे तरी काय, द्वारकी आन सुनीता खाली घरोघर जायाच्या, पाणी मागायच्या आन म्हणायच्या, "वाडीवर कपाट न्यायचं म्हटलं तरी वाट न्हाई, बघा." आन पडली. पडणारच हुती. पण मशीनमधनं निघाली एकसष्ट मतं. तेवीस आमची. बाकीची खालच्या गावातली, कुणाची त्ये कुणी कवा बोललं न्हाई. बायांचीच असणार. आण्णांची सून, जी निवडून आली, ती एकदा वढ्यावर धुणं धुताना द्वारकीला म्हणाली म्हणं, "माझंबी मी तुमालाच दिलं, काकी." खरं खोटं तिला ठावं. द्वारकीनं तिला पिळायला हात लावला, धुणं धुवून झालं, दोघी आपापल्या वाटंनं गेल्या.

संपतला आठ दिवसात सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. त्यो दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिशी जेवताना म्हणाला, "आई, मी टेपावर असतो तर पडली म्हणून सांगून मोकळा झालो असतो."

म्हटलं, "म्हणून तुला बसवलं न्हाई."

त्यो हसला. हसला आन मग मला बरं वाटलं. महिनाभर घरात बसला, मग कुणाच्या वळखीनं सांगलीला आला, विश्रामबागेत एका कॉलेजाची बस चालवायला. वर्सानं आमाला आणलं. पयल्यांदा एक खोली, पत्र्याची, उनाळ्यात भाकरी ठेवली तर तापायची. मी मेसमधे चपात्या लाटल्या, सून धुणंभांडी करायची. दोन-तीन वर्सं तशी गेली. मग बसलं हळूहळू. नात आता त्याच कॉलेजात जाती. आमचं वाईट झालं न्हाई. पण हे आज म्हणती, तवा काय ठावं हुतं.

आन रस्ता. आण्णा हुशार माणूस, एकसष्टचा अर्थ त्यांला बरोबर कळला. पुढल्याच उनाळ्यात डबर पडलं. खरं डबर, काळं. द्वारकी रोज काठी घिऊन खाली जाऊन बसायची, माणसं तिला मुकादम म्हणायची. एक ट्रॉली तिनं परत धाडली. पंचायतीत न्हाई, कुठल्या कागदावर न्हाई, तरी धाडली, आन त्यो ट्रॅक्टरवाला गेलाबी परत. वढ्यावर मोरी झाली, पाणी खालनं आन गाडी वरनं, जांभळीच्या वळणापातूर रस्ता झाला. वरचा चढ तेवढा ऱ्हायला, आजबी हाय तसाच. ती म्हणायची, ऱ्हाऊ दी, कायतरी मागायला ऱ्हायला पायजे.

डोळ्याच्या आपरेशनला ती सांगलीला आमच्याकडं आली. पंधरा दिवस ऱ्हायली. डोळ्याला हिरवी पट्टी, काम काय न्हाई, मग बोलणं. एका दुपारी असंच पडल्या पडल्या म्हणाली, "आक्का, त्या दिशी मी सकाळीच सही करून ठेवली हुती. संपतसाठी. ठरवलं हुतं, तू पडली म्हणालीस की कसली म्हणून इचारायचं न्हाई."

मी मग म्हटलं, "आन मी ठरवलं हुतं, तू इचारलं न्हाईस तर सांगायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. ऱ्हावलं न्हाई."

ती पट्टीखालनं हसली. इतक्या वर्सात ह्या गोष्टीवर आमी एवढंच बोललो. तिनं कवा माझं उपकार म्हटलं न्हाई, मी कवा संपतच्या टेम्पोचं काढलं न्हाई. बरोबर केलं का चुकलं, माघार घ्यायला पायजे हुती का न्हाई, त्ये कोण मोजणार. मला बरं वाटतंय, एवढं मला ठावं हाय. रातची झोप लागती.

तिच्या बाराव्याला आमी गेलो तवा संपतनं गाडी वळणापातूर नेली. तिला नेली त्या दिशीबी असंच, चढावरनं तेवढं खांद्यावर आणली, पुढं गाडी. झोळी लागली न्हाई, भर पावसातबी लागली नसती. वळणापासनं वर मी आन सुनीता चालत निघालो. सुनीता बोलत हुती, पाव्हणं किती, कावळा कसा लगेच शिवला, आन बोलता बोलता मधीच थांबायची. वाटंत एखादा दगूड सुटून वर आलेला असायचा, त्यो पायानं सरकवून जागेवर बसवायची, वरनं टाच मारायची, आन पुढं. धा पावलं गेली की पुना. मी म्हटलं, "काय गं, चालतीस का वाट दुरुस्त करतीस?"

"आत्या अशाच चालायच्या," म्हणाली. "त्यांच्यासंगं जायाचं म्हंजे कवा टायमावर पोचायचं न्हाई. आता वाडीतली पोरंबी तशीच चालत्यात, शाळंला उशीर होतोय म्हणून मास्तर वरडत्यात."

वरपातूर गेलो. दोन ठिकाणी मीबी टाच मारली. दगूड बसला की तळव्याला कळतंय.

परत आल्यावर हितं विश्रामबागेत संध्याकाळी संपतबरोबर फिरायला जाती. गुडघ्याला बरं म्हणून डाक्टरनं सांगितलंय. रस्ता डांबरी, गुळगुळीत, दोन्हीकडं झाडं. परवा संपत म्हणाला, "आई, खाली बघून का चालतीस? काय हरवलंय का?"

म्हटलं, "न्हाई रं. बघती आपली."

त्यो माझ्या पावलानं चालत ऱ्हायला.